पिल्लू उभं राहत नाही, आणि घरात तीन मतं

पत्र थोडक्यात:

रायगड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी आठवडी बाजारातून हंसाची तीन पिल्लं आणली. वाडीत जनावर शिरलं, अनोळखी माणूस आला की हंस गलका करतात, म्हणून. पिल्लं आता साडेतीन आठवड्यांची आहेत. दोन धडधाकट आहेत. तिसरं गेल्या आठवड्यात लंगडायला लागलं आणि आता दोन पावलं टाकली की बसतं. बसल्या जागी खातं, पितं. तिघांचं खाणं एकच, तांदळाच्या कण्या आणि ब्रॉयलर कोंबड्यांचं खाद्य. रोग पसरू नये म्हणून लंगड्या पिल्लाला न्हाणीघरात वेगळं ठेवलंय, खाली वर्तमानपत्र घालून. तिथे ते सारखं ओरडतं. अकरा वर्षांची लेक त्याला मांडीवर घेऊन बसते, चमच्याने पाणी पाजते, आणि शाळा सुरू झाली तरी जायला तयार नाही. सासूबाई म्हणतात, हंस हे सरस्वतीचं वाहन, घरात मेलेलं बरं नाही, देवळाच्या तळ्यात सोडून या. नवरा म्हणतो, ज्याच्याकडून आणलं त्याला परत द्या. शेजारच्यांनी माणसांच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात घालायला सांगितली, ती ताईंनी दोन दिवस दिली. फरक नाही. त्या विचारतात, "मी फक्त लेकीचं मन मोडू नये म्हणून या जिवाला हाल काढत जगवतेय का? की आणखी काही करता येण्यासारखं आहे?"

ताई,

करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक तुमच्या घरातच होणारं आहे. आधी तुमच्याच पत्रातल्या एका ओळीकडे लक्ष वेधते. "खायला तिघांना तेच देतो, कण्या आणि कोंबड्यांचं खाद्य." ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली.

पिल्लाला रोग झालाय, हे तुम्ही सगळ्यांनी धरूनच चाललंय. म्हणून वेगळं ठेवणं आलं, अँटिबायोटिक आलं, सासूबाईंची धास्ती आली. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं मी पुन्हा पुन्हा वाचली. पिल्लू खातंय. डोळे स्वच्छ आहेत. नाकातून पाणी नाही, श्वास तोंड उघडून घेत नाही. सोबतची दोघं ठणठणीत आहेत. बिघाड आहे तो पायांत. या वयात, या खाण्यावर, हंसाच्या पिल्लाचे पाय गेले की पहिला संशय जंतूंवर घ्यायचा नसतो, खाण्यावर घ्यायचा असतो.

हंसाचं पिल्लू म्हणजे मोठं कोंबडीचं पिल्लू नव्हे. कोंबडी शरीरात ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून थोडंफार नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, तयार करून घेते. बदक आणि हंस यांना ते पुरेसं जमत नाही, त्यामुळे त्यांना ते खाण्यातूनच मिळावं लागतं. पशुआहाराच्या तक्त्यांत पहिल्या चार आठवड्यांसाठी हंसाच्या पिल्लाची गरज किलोभर खाद्यामागे ६५ मिलिग्रॅम धरतात, ब्रॉयलरची ३५. म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यात तुम्ही कोंबडीचं खाद्यही नुसतं देत नाही, पॉलिश केलेल्या तांदळाच्या कण्या मिसळून देता. कण्यांनी पोट भरतं, पण नायसिन त्यात फारच कमी. काही जण कण्यांऐवजी मक्याचा भरडा देतात, पण मक्यातलं नायसिन असं बांधलेलं असतं की पक्ष्याला त्यातलं थोडंच लागू पडतं. हंसाचं पिल्लू या दिवसांत झपाट्याने वजन धरतं. वजन वाढत जातं, पाय मागे पडतात. आधी लंगडणं, मग घोट्यावर बसणं, गुडघ्यासारखा दिसणारा मधला सांधा सुजणं, पाय धनुष्यासारखे वाकणं, अशा क्रमाने ते दिसतं. तिघांत एकालाच का, असा प्रश्न येईल. सगळ्यांत जोमाने वाढणारं, किंवा ताटलीशी मागे पडणारं पिल्लू आधी सापडतं. बाकीची दोघं त्याच वाटेवर असू शकतात.

हे नक्की तेच आहे असं पत्रावरून मी सांगू शकत नाही. एकच पाय धरला असेल, सांधा हाताला गरम लागत असेल, तर मार किंवा सांध्यातला संसर्ग असू शकतो. टाचेमागची शीर सांध्यावरून बाजूला सरकली असेल आणि पाय वळून बाहेर गेला असेल, तर तो प्रकार वेगळा, आणि तो घरी सुधारत नाही. म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच आहे. पण खाणं बदलायला त्यांची वाट पाहायची गरज नाही. यात नुकसान काही नाही, आणि दुखणं याचंच असेल तर प्रत्येक दिवस मोलाचा आहे.

कण्या आजपासून बंद करा. खाद्य पिल्लांचं स्टार्टरच ठेवा, मात्र त्यावर नुसतं विसंबू नका. ब्रूअर्स यीस्टची, म्हणजे बिअर बनवताना वापरल्या जाणाऱ्या पण निर्जीव केलेल्या यीस्टची, पावडर मोठ्या मेडिकल दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. कपभर खाद्याला एक ते दीड मोठा चमचा, खाद्य थोडं ओलं करून नीट कालवायचं, म्हणजे पावडर तळाला उरत नाही. पाव फुगवायचं यीस्ट मात्र अजिबात नको, ते जिवंत असतं. ब्रूअर्स यीस्ट मिळेपर्यंत पशुऔषधांच्या दुकानातून पाण्यात मिसळायचं बी-कॉम्प्लेक्स आणा. बाटलीवर नायसिन किंवा निकोटिनामाइड (त्याचंच दुसरं रूप) किती आहे ते वाचून घ्या, कारण काही औषधांत ते नावापुरतंच असतं. पाणी रोज बदला. सोबत उकडून कुस्करलेला मटार, गव्हाचा कोंडा. ओलं खाद्य आपल्या पावसाळी हवेत दोन-तीन तासांत आंबतं, म्हणून थोडं थोडं द्या आणि उरलेलं टाकून द्या.

आणि गवत. तुमच्या पत्रात गवताचा उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं, कारण हंस मुळात चरणारा पक्षी आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही दिवसांतच पिल्लू कोवळं गवत खुडायला लागतं. जूनमध्ये तुमच्या अंगणात हरळी आणि कोवळं गवत उगवलंच असेल. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं नाही ना एवढं बघा, बारीक कापून पाण्यात तरंगत ठेवा. गवत खाणाऱ्या पिल्लाला ते दळायला चिमूटभर जाडी वाळूही लागते.

इथे एक सावधगिरी. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं आणि आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड सहज मिळते, त्यामुळे कुणीतरी ती सुचवेलच. नको. पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, पाणपक्ष्यांच्या पिल्लांना फार लवकर मारतं. हे विष माणसाला कळलं तेच मुळी पक्ष्यांमुळे. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले, बदकाची पिल्लंही गेली, आणि माग काढत गेल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. डोळ्यांना बुरशी दिसत नाही म्हणजे ती नाहीच असं नसतं. तीच काळजी खाद्याच्या पोत्याची. ते जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका.

आता न्हाणीघर. तुम्ही पिल्लाच्या भल्यासाठी त्याला तिथे हलवलंत, पण कमजोर पायांसाठी घरातली त्याहून वाईट जागा क्वचितच असेल. गुळगुळीत फरशी, वर वर्तमानपत्र. पिल्लू उठायला जातं, पाय घसरून फाकतात, पुन्हा बसतं. पाय मुळात थोडेच बिघडलेले असले तरी अशा जागी ते आणखी बिघडतात. त्याला पाय रुततील असं काहीतरी हवं. जुना टर्किश टॉवेल, गोणपाट, रबरी चटई. गोणपाटाचे धागे सुटलेले असतील तर कापून टाका, नखांत अडकतात. वर कोरडं तूस चालेल. ओलसर पेंढा मात्र नको. पावसात भिजून पुन्हा वाळलेल्या पेंढ्यातली बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते आणि ती धापा टाकू लागतात, आणि त्या दुखण्यावर आपल्याकडे फार उपाय चालत नाही. अंथरूण रोज बदला, ओलं झालं तर दिवसातून दोनदा. बसून राहणाऱ्या पक्ष्याच्या छातीवर आणि घोट्यांवर चट्टे पडतात, म्हणून दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदला, टॉवेलची गुंडाळी करून आधार द्या, आणि मागचा भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा ठेवा. पाय पट्टीने जवळ बांधून ठेवायचा उपाय कुणी सांगेल. तो अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडतो. साडेतीन आठवड्यांच्या पिल्लाला डॉक्टरांनी पाय बघितल्याशिवाय बांधू नका.

ऊब द्या, पण विचार करून. धडधाकट पिल्लाला या वयात पंचवीस अंशांच्या आसपास पुरतं, आजाऱ्याला चार-पाच अंश जास्त हवे. पिवळा साठ वॅटचा बल्ब एका बाजूला, पक्का दोन ठिकाणी बांधून. एरवी सांगतात की पेटीची एक बाजू उबदार ठेवा, एक थंड, पिल्लू आपलं आपण सरकेल. हे पिल्लू सरकू शकत नाही. त्याला उकडलं तरी ते तिथेच बसून राहणार. म्हणून बल्ब थोडा उंचावर, आणि अर्ध्या तासाने जाऊन बघायचं. चोच उघडी, पंख अंगापासून दूर, म्हणजे जास्त झालं. अंग चोरून, डोळे मिटून बसलंय, म्हणजे कमी पडतंय. रात्री वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

त्याचं ओरडणं. तुम्ही लिहिलंय की लेक जवळ गेली की ते गप्प होतं, म्हणून लेकीला वाटतं की तिच्याशिवाय ते जगणार नाही. हंसाची पिल्लं अंडं फुटल्यावर पहिलं जे हलतं-बोलतं दिसेल त्याच्यामागे लागतात. कोनराड लॉरेन्झ यांनी ऑस्ट्रियात १९३० च्या दशकात राखी हंसांवर हेच बारकाईने अभ्यासलं. त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वागण्याच्या अशाच अभ्यासासाठी. पण तुमची पिल्लं घरी आली तेव्हा ती काही दिवसांची होती, आणि तिघं एकमेकांसोबत वाढत होती. त्यांची ओढ आधी एकमेकांची आहे. न्हाणीघरातलं पिल्लू लेकीसाठी ओरडत नाही, त्याला त्याची भावंडं हवी आहेत. लेक आली की तात्पुरतं समाधान होतं एवढंच. आणि एकटं पडलेलं पिल्लू ओरडण्यात ताकद घालवतं, खाणं कमी करतं.

म्हणून माझा सल्ला, त्याला न्हाणीघरातून काढा आणि बाकीच्या दोघांच्या शेजारी ठेवा, मध्ये बारीक जाळी लावून. एकमेकांना दिसतील, ऐकू येतील, पण धक्काबुक्की होणार नाही, टोचणार नाहीत, आणि हा आपलं खाणं आपल्या वेगाने खाईल. वेगळं ठेवणं कधी गरजेचं, तेही सांगते. नाकाडोळ्यांतून पाणी, धाप, मान लटपटणं, पाण्यासारखी सततची विष्ठा, यातलं काहीही दिसलं, तर जाळी पुरेशी नाही, जागा आणि भांडी वेगळी हवीत. नुसत्या पायांच्या कमजोरीला ती शिक्षा द्यायला नको. विष्ठेवरून घाबरूही नका. गवत खाणाऱ्या हंसाची विष्ठा हिरवट, वर पांढरा ठिपका असलेली आणि सैलसरच असते. काही न खाता गडद हिरवं पडत असेल तेव्हा काळजी करायची.

लेकीचं चमच्याने पाणी पाजणं मात्र आजच थांबवा. माया आहे त्यात, मला कळतं. पण पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. चोच धरून ओतलेलं पाणी फुप्फुसात गेलं तर पायांचं दुखणं बाजूला राहतं आणि पिल्लू दुसऱ्याच कारणाने जातं. ते स्वतः पितंय ना, मग भांडं त्याच्या जवळ आणा. जड, न कलंडणारं, आणि डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल इतकं खोल. हंसाला पाणी पिण्याइतकंच नाक-डोळे धुवायला लागतं. कधी अगदीच मलूल झालं तर ड्रॉपरने चोचीच्या कडेवर एकेक थेंब, ते गिळेल तसं. आणि मलूल पिल्लाच्या बाबतीत क्रम लक्षात ठेवा. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. गारठलेल्या पक्ष्याला खाऊ घातलं तर ते पचत नाही.

लेकीच्या हाताला काम हवंच आहे, ते मी सांगते. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी पिल्लाचं वजन. स्वयंपाकघरातला काटा, वर एक टोपली, आणि वहीत तारीख व ग्रॅम. या वयात वजन रोज वाढलं पाहिजे. आकडा थांबला तर ते आपल्याला डोळ्यांच्या आधी कळतं, आणि डॉक्टरांनाही ती वही उपयोगी पडते. संध्याकाळी आल्यावर गवत कापणं, आणि तुमच्या देखरेखीखाली घमेल्यात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं पोहणं. पाण्यात अंगाचं वजन पायांवर येत नाही, त्यामुळे ते पाय मारू शकतं, आणि तोच त्यांचा व्यायाम. मात्र आईविना वाढलेल्या पिल्लाच्या लवेला पाण्यात लागणारं तेल पुरेसं नसतं, ती भिजते आणि ते गारठतं. म्हणून लक्ष ठेवून, आणि नंतर टॉवेलने पुसून बल्बखाली पूर्ण कोरडं करायचं. एवढं काम रोज ठरलेलं असलं की शाळेची वेळ लेकीला सोडता येईल, असं मला वाटतं. दुपारभर पिल्लू भावंडांजवळ असेल, हे तिला जाळी लावताना तिच्याच हातांनी करू द्या.

दोन गोष्टी तिला स्पष्ट सांगा. पिल्लाची चोच तोंडाला लावायची नाही, आणि हात लावल्यावर साबणाने धुवायचे. निरोगी दिसणाऱ्या बदक-हंसाच्या पिल्लांतही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल किंवा आजारी वृद्ध असेल तर पिल्लाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

औषधांबद्दल थोडक्यात. कॅप्सूल बंद करा. रोग कोणता हे ठाऊक नसताना, वजनाचा हिशेब नसताना दिलेलं अँटिबायोटिक आतड्यातले उपयोगी जंतू मारतं, आणि पुढे खरंच लागलं तर कामी येत नाही. दोन दिवस दिलंत, हे डॉक्टरांना सांगा म्हणजे झालं. वेदना कमी व्हावी म्हणून माणसांची गोळीही नको. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला. पक्ष्याचं मूत्रपिंड आपल्यासारखं चालत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याबद्दल तुम्ही संकोचाने लिहिलंय, की तालुक्याला गाई-म्हशी सोडून हंस कोण बघणार. विचारून बघा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा शिरवळच्या महाविद्यालयात पक्ष्यांची तपासणी होते, तुमच्याकडून परळ गाठणं अवघड नाही. जाताना खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलचा फोटो, पिल्लाच्या चालण्याचा व्हिडिओ, ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत आणि वजनाची वही न्या. लेबल मी मुद्दाम सांगते आहे. ब्रॉयलर खाद्यात बहुधा कॉक्सिडियारोधक, म्हणजे आतड्यातल्या एका परजीवीला रोखणारी, औषधं मिसळलेली असतात. ती कोंबडीच्या हिशेबाने घातलेली असतात, आणि त्यातली काही बदक-हंसांना चालत नाहीत. हे पोतं बदलायचं का, हे डॉक्टर लेबल बघूनच सांगतील. शक्य असेल तर औषध न मिसळलेलं खाद्य मागा.

एका परिस्थितीत मात्र कुठेही घेऊन न जाता आधी फोन करायचा. उरलेल्या दोघांपैकी कुणी किंवा गावातल्या कोंबड्या दोन-तीन दिवसांत अचानक मरायला लागल्या तर. आज जगभर फिरणाऱ्या एच५एन१ बर्ड फ्लूच्या विषाणूचं मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसात सापडलं होतं, आणि भारतात त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची आहे. अशा वेळी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही, आणि कळवणं हे कर्तव्य समजायचं. तुमच्या पिल्लाची लक्षणं तशी नाहीत, म्हणून याची भीती डोक्यात घेऊन बसू नका.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नाही, उलट त्यांना त्या जिवाची आणि घराची दोघांची काळजी आहे. त्यांचा अपमान न करता एवढं त्यांच्यापुढे ठेवा. बाजारात मिळणारा, चोचीच्या मुळाशी गाठ येणारा हंस हा पूर्व आशियातल्या जंगली हंसापासून पिढ्यान्‌पिढ्या पाळून तयार झालेला आहे. थंडीत जायकवाडीला, उजनीला, नांदूर मधमेश्वरला जे पट्टकादंब नावाचे जंगली हंस येतात ते वेगळे. ते लडाख, तिबेट, मंगोलियाकडे पिल्लं वाढवतात आणि स्वतः उडत येतात. तुमच्या पिल्लाला अजून पिसंही पुरती फुटलेली नाहीत. ते उडणार नाही, चालणार नाही, तळ्यात लव भिजली की गारठेल, आणि काठावर आलं तर कुत्री, मुंगूस, घोरपड आहेतच. निसर्गात सोडलं असं आपण म्हणू, पण ते एका रात्रीपुरतंही टिकणार नाही. वाहनाची सेवा करायची तर ती घरातच, गोणपाटावर करावी लागेल. सासूबाईंना कदाचित हे पटेल, आणि दुपारी कूस बदलायला घरात तेवढा एक हात वाढेल. पटलं नाही तर भांडू नका, पण पिल्लू तळ्याकडे जाऊ देऊ नका.

नवऱ्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. ज्याला सांभाळायला वेळ नाही त्याने पिल्लू अनुभवी माणसाकडे देणं यात काही गैर नाही. जवळपास कुणाकडे मोठे हंस असतील, जागा आणि गवत असेल, तर पाय सुधारल्यावर तिघांनाही तिथे देणं हा चांगला पर्याय आहे. पण आज ते विक्रेत्याला परत दिलं तर ते पुन्हा बाजाराच्या करंडीत, गर्दीत, घसरत्या तळावर जाईल. लंगडं पिल्लू कुणी विकत घेत नाही, त्याचं पुढे काय होतं ते तुमच्या नवऱ्यालाही ठाऊक असेल. थोडे, पण ठरलेले दिवस मागा नवऱ्याकडे. ठरावीक दिवस मागितले की घरातली माणसं ऐकतात.

आणि तुमचा मूळ प्रश्न, हाल काढत जगवतेय का. जो पक्षी खातोय, भावंडांच्या आवाजाला उत्तर देतोय, अन्नाकडे झेपावतोय, तो हालात नाही, अडचणीत आहे. कारण खाण्याचं असेल तर यीस्ट आणि गवत सुरू केल्यापासून काही दिवसांत तो जास्त वेळ उभा राहायला लागेल. आठवडाभरात काहीच हललं नाही, तर कारण दुसरं आहे किंवा सांधे आधीच वाकले आहेत, आणि तेव्हा डॉक्टरांशी वेगळं बोलणं करावं लागेल. थोडं वाकडं चालणारा हंस वर्षानुवर्षं चांगला जगतो. पण दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, मान धरता येत नाही, चट्टे उघडे पडले, श्वास ओढून घेतोय, आणि डॉक्टरांनी सुधारणा नाही म्हटलं, तर त्यांच्या हातून वेदनारहित मरण देणं ही क्रूरता नव्हे. हे लेकीपासून लपवू नका. अकरा वर्षांच्या मुलीला "ते उडून गेलं" असं सांगितलं तर तिला ते खोटं कळतं, आणि वहीत तिनेच उतरलेले आकडे तिच्यासमोर असतात. आत्ताच, पिल्लू खातंय तेव्हाच, तिच्याशी या शक्यतेबद्दल एकदा बोलून ठेवा. निर्णय मोठ्यांचा असेल, तिची चूक नसेल, हेही सांगा.

उरलेल्या दोघांचं खाणंही आजच बदला, ती लंगडायची वाट बघू नका. तिघंही चार आठवड्यांची होत आली आहेत, म्हणजे यापुढे जास्त प्रथिनांचं खाद्य कमी करत गवत वाढवायचं. भरपूर प्रथिनं आणि पाव-बिस्किटं खाल्लेल्या पिल्लांचे पंख मनगटातून बाहेर वळतात. पंखाचं टोक बाहेर लटकताना दिसलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा, तेव्हा पंख अंगाशी सैलसर बांधून तो सरळ होतो. पिसं पक्की झाल्यावर होत नाही.